खरं

खानापुरात, तहसील कचेरीच्या कंपाउंडाला पाठ लावून
माझं डीटीपीचं दुकान. पाटीवर कन्नड मोठं,
खाली मराठी, झेरॉक्सच्या दराएवढ्या अक्षरात.

भाचा पुण्याहून गणपतीला आला,
जाताना कॉम्प्युटरात एक राखणदार बसवून गेला.
मजकूर घातला की तो वाचतो,
अवघड शब्दाखाली पिवळी रेघ, लांब वाक्याखाली तांबडी,
आणि कोपऱ्यात मार्क, शंभरपैकी.

खोटं कशाला बोलू, आवडला मला.
बावीस वर्षं लिहीत आलेय
'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की',
त्या 'की'पर्यंत पोचेतो साहेबाची चहाची वेळ होते.
त्यानं विचारलं, कोण सादर करतंय?
बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
'करण्यात येते' काढलं. 'अन्वये' काढलं.
'सदरहू' निघताना थोडं दुखलं,
जुनं भाडेकरू होतं ते.

मग सोमवारी मल्लवा आली, नंदगडच्या पलीकडची,
शाळेत बिसियूट रांधणारी.
पदराला हळद, हातात पासबुक.
म्हणाली, लिही.

"मी आठला जातो. चूल पेटवतो.
एकशे बारा पोरांचं जेवण करूलालोय,
खरं चार महिने पगार नाही.
हेडमास्तर चांगलं माणूस, खरं त्येच्या हातात नाही.
सिलिंडर आलंय, खरं भरून कोण देतंय?
लाकडं मीच आणूलालोय."

बघू तरी, म्हणून तस्संच टाइप केलं.
पडदा पेटला सगळा.
कर्ता स्त्री, क्रियापद पुरुषाचं.
'करूलालोय': शब्द सापडला नाही.
'खरं': अनावश्यक. तीन वेळा. काढून टाका.
मार्क एकतीस.

आता त्याला कसं सांगायचं,
आमच्यात बाई 'जातो' म्हणते आणि बाईच असते.
मीही घरी 'जातो', दुकानात 'जाते'.
आणि 'खरं' म्हणजे इकडं 'पण'.
कुणी ठरवलं माहीत नाही,
खरं आडवं बोलायचं झालं
की आधी तोच शब्द येतो तोंडात.

'जातो'चं 'जाते' केलं. 'करूलालोय'चं 'करते'.
तिन्ही 'खरं' उचलून तिथं 'पण' ठेवले.
अठ्ठ्याऐंशी. हिरवा टिळा लागला.
मल्लवाला वाचून दाखवलं.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलवली,
आणि विचारलं,
"कुणाचा अर्ज ह्यो?"

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
'जाते' राहू दिलं, कचेरी आहे शेवटी.
'खरं' परत बसवले, तिन्ही.
मार्क चौसष्ट झाले. राखणदार गप्प बसेना,
त्याचा आवाज बंद केला.
कन्नड प्रत केली, तिथं 'आदरे' लिहिलं, रीतसर.
वीस रुपये झाले. पंधरा दिले तिनं.

उरलेले पाच द्यायला आली तेव्हा म्हणाली,
कारकून बैलहोंगलचा, मराठी जेमतेम,
खरं कन्नड कागद बाजूला ठेवून हाच वाचूलालता,
बोट लावून, पोरगं पाटी वाचतंय तसं.
तिसऱ्या ओळीत बोट थांबलं म्हणे.

त्याच्या भाषेतही आहे तो शब्द, खरे,
आणि तिथं त्याचा अर्थ सरळ.
त्यानं मग असं वाचलं असणार,

खरे.
चार महिने पगार नाही.