समासातली पेन्सिल

बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी,
साखरीनाट्याच्या जेटीपासून हाकेवर.
कॉम्प्रेसर एकदा सुराला लागला
की पहाटे चारपर्यंत काटा बघण्याखेरीज
माणसाला काम नसतं.
मग मी यंत्रमानवांच्या गोष्टी वाचतो.

वाचनालयात अशी पुस्तकं अकरा.
लळीत म्हणतात, तुझ्याशिवाय ती नेतंय कोण,
आणि शिक्का मारताना हसतात.
पण कोणीतरी नेतं.

पान सत्तेचाळीस. पोलादी नोकर
परग्रहाच्या किनाऱ्यावर उभा,
शंभर वर्षं, मालकाची वाट बघत.
समासात बारीक पेन्सिल:
"शंभर? आमच्याकडे दोन पावसाळे.
तेही ऑइलपेंट दिला तर."

मी मोठ्याने हसलो.
कॉम्प्रेसरने ते गिळून टाकलं.

पान ऐंशी. यंत्रमानव विचारतो,
रात्री मला बंद का करता?
"युनिटचा दर बघ, बाबा."

आणि जिथे शहाण्या यंत्रांनी बंड केलं,
सात मजली शहर पेटलं, माणसं पुलावरून पळाली,
तिथे दोनच शब्द:
"अर्थिंग नव्हतं."

मग मी गोष्टीसाठी वाचत होतो की समासासाठी
ते विचारू नका.
एका रात्री, यंत्र पहिल्यांदा रडतं त्या पानावर,
मीही लिहिलं, भीतभीत, अगदी खाली:
"पाणी आलं कुठून?"
तीन आठवड्यांनी पुस्तक परत हातात.
माझ्या ओळीखाली:
"गॅस्केट गेलं असेल."

इतकं नेमकं उत्तर
मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

मार्गशीर्षात मिठाच्या पाण्याचा पंप जळला.
मोटर टेम्पोत घातली, खाडीपलीकडे जैतापूरला नेली,
मैमुना होडेकरच्या रिवायंडिंगच्या दुकानात.
ती तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती,
ओठ हलत होते, कानावर पेन्सिल.
फळीवर उघड्या पडलेल्या मोटरी,
प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी:
"सोलकरांची. दुसऱ्यांदा जळली. माणूस बदला."

ते अक्षर.
तो ळ, पोट फुगलेला, टांगलेल्या पापलेटासारखा.

मी काहीच बोललो नाही.
किती दिवस लागतील, एवढंच विचारलं.
"तीन," ती म्हणाली. वेढे चुकू नयेत म्हणून
वर न बघता.
मी उंबऱ्यापर्यंत गेलो असेन, तेव्हा मागून,
"पुस्तकं जरा उन्हात ठेवत जा.
अमोनियाचा वास येतो."

त्या रात्री भट्टीसारखं तोंड तापलेलं माझं,
चहूकडे बर्फाच्या लाद्या असून.
पान सत्तेचाळीस काढलं.
नोकर अजून उभाच होता, लाटा गुडघ्यापर्यंत,
कुणाची तरी वाट बघत.
मी खिशातली पेन्सिल दाताने तासली
आणि त्याच्या पायापाशी, वाळूवर,
ऑइलपेंटचा एक डबा काढून ठेवला.
झाकण किलकिलं.
ब्रशसुद्धा.