टिंब

फेब्रुवारी. रात्रीचे सव्वादोन. मोहाडीचं पॅकहाउस.
प्रीकूलिंगचं दार उघडलं की थंडी
पायांवर ओतल्यासारखी येते.
मी मफलर बांधून एका फाइलला विचारतोय :
ही पेटी कुणाच्या बागेतली?

फाइल म्हणजे झाड. आमच्या धंद्यात तसंच म्हणतात.
मूळ वर, फांद्या खाली.
कंटेनरच्या पोटात पॅलेट, पॅलेटच्या पोटात पेट्या,
पेटीच्या पोटात प्लॉट नंबर, छाटणीची तारीख,
शेवटची फवारणी.
उघडलेलं प्रत्येक दार
त्याच नावानं बंद करायचं, एवढा एकच धर्म.

पण झाडं तीन.
आमचं म्हणतं पेटी.
प्रयोगशाळेचं म्हणतं नमुना.
रॉटरडॅमचा खरेदीदार म्हणतो कार्टन,
आणि त्याआधी स्वतःचं आडनाव लावतो,
मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं.
आडनावाशिवाय हाक मारली
तर ते कार्टन ओ देत नाही.

त्यात यंत्रं दोन.
केबिनमधला जुना संगणक,
विधातेशेठना टाकवत नाही म्हणून राहिलेला :
त्याला नुसतं म्हणायचं, निवड. तो निवडतो.
माझ्या लॅपटॉपला आधी अर्ज,
मग कुणाचं आडनाव काय ते सांगणारा मध्यस्थ,
उत्तर कुठल्या रूपात हवं त्याचा खुलासा,
आणि मग एकेक घास भरवल्यासारखं
पुढचं, पुढचं, पुढचं.
प्रश्न तोच;
बांधावर 'काय रं' आणि बँकेत 'नमस्कार साहेब'.

दोघांच्या मध्ये मी एक फंक्शन बसवलं,
दोन्ही घरच्या रीती जाणणाऱ्या सोयऱ्यासारखं.
चाललं ते. पण कसं!
पेटीमागे अडीच सेकंद.
पाच कंटेनर, एकोणीस हजार दोनशे पेट्या.
बोटांवर हिशेब केला : उद्या दुपारी साडेतीन.
गाड्या सहाला सुटणार.

मथुराबाई गांगुर्डे चहा घेऊन आल्या.
एकवीस वर्षं ह्याच टेबलांमागे उभ्या.
'सापडंना का?'
त्यांनी समोरची पेटी उचलली, कड निरखली.
पेन्सिलीची बारीक खूण होती, मला न दिसलेली.
'ही चंद्रकलाच्या हातची. चंद्रकला चार नंबरला.
चार नंबरला संध्याकाळपासून
एकाच मळ्याचे क्रेट येत्यात.'
पेटी खाली ठेवली, पदराला हात पुसले.
'तुमी दरखेपी गेटापासून का निघता, दादा?
पेटी हातात हाये ना?
मंग हितूनच बघायचं की.'

मी ओळ पुन्हा वाचली.
सुरुवातीलाच दोन तिरप्या रेघा.
त्यांचा अर्थ : मुळाशी जा, सगळं झाड झाड.
म्हणजे पेटी हातात असूनही
मी तिला एकोणीस हजार वेळा
गेटावर नेऊन पुन्हा आत आणत होतो,
आणि वर कुरकुरत होतो की यंत्र हळू आहे.

रेघांच्या आधी एक टिंब दिलं.
आमच्या भाषेत टिंबाचा अर्थ
इथून.

चहावर साय धरायच्या आत यादी आली.
प्लॉट, छाटणी, फवारणी, नाव, गाव,
दिंडोरी, जानोरी, पुन्हा दिंडोरी.
खरेदीदाराला खटकलेली पेटी
सव्वीस नंबर प्लॉटातली निघाली;
फवारणीची तारीख कुणीतरी
महिन्याच्या जागी दिवस घालून लिहिलेली.
द्राक्षं बिचारी निर्दोष.

'काय केलं वो?' मथुराबाईंनी दारातून विचारलं.
'टिंब दिलं.'
'बास?'
त्या हसल्या नाहीत. चार नंबरवर जाऊन
रिकाम्या पेट्यांचे कोपरे दुमडू लागल्या.

साडेपाचला विधातेशेठ आले,
केबिनमध्ये जुन्या संगणकावर तीच यादी उघडली
आणि ओरडले : पहिल्या जागी दुसरीच पेटी कशी?

तो शून्यापासून मोजतो, शेठ,
माझा एकापासून.
पहिली पेटी कोणती,
यावर दोघांचं अजून पटलेलं नाही.
बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतोय.