मोह पडायच्या आत

तळ्याकाठचा फळ्यांचा ओटा
तीन पावसाळ्यांत राखेच्या रंगाचा झाला.
मागच्या साली ठेकेदारानं व्हार्निश फासलं होतं,
आरशासारखं. उद्घाटनाच्या फोटोत
सगळ्यांचे बूट त्यात दिसतात.
वैशाखात त्याला पोपडे आले,
आषाढात पोपड्यांखाली पाणी शिरलं
आणि बाहेर निघायची वाट विसरलं.

यंदा गटाच्या बैठकीत हे काम माझ्याकडं आलं,
कारण माझे बाबा सुतार होते
आणि बाकीच्यांच्या घरी लग्नं होती.

साकोलीच्या दुकानात बालपांड्यांनी
रंगांचं कार्ड उलगडलं:
अक्रोड, महोगनी, बर्मा साग.
म्हटलं, अक्रोड आम्ही प्रसादात पाहिला,
तोही फोडलेला.
म्हणाले, गडद घ्या, मळ दिसत नाही.
चैतात त्यावर पाय कोण ठेवील?
तळ्यावर पोरं अनवाणी येतात.
मग बिनरंगी?
त्यातून ऊन सरळ आत उतरतं,
पुढच्या साली पुन्हा राख.

शेवटी डबल बॉइल जवस तेल,
टर्पेंटाइनची बाटली,
आणि गेरू,
तो मात्र घरचाच,
पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला.
दोनदा फडक्यातून गाळला.

दोन दिवस नुसतं खरवडणं.
व्हार्निशच्या पापुद्र्यांनी दुर्पताबाईचे केस चमकायला लागले.
ओट्यावर वाकलेल्या मोहाला
कळ्यांचे झुबके धरलेले. ती वर बघून म्हणे,
आटप वो, हा थांबणार नाही आपल्यासाठी.

बाबांची परीक्षा: ओंजळभर पाणी शिंपड.
थेंब उभा राहिला तर लाकूड अजून व्हार्निशचं.
पिऊन टाकलं तर आपलं.

ईस्तारीकाका जाळं विणत बसले होते.
"जळकं ऑइल फास न बाई, फुक्कट भेटते गॅरेजात."
पाण्यात उतरते ते, काका. मग मासे?
काकांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला,
पुन्हा ऑइलचं नाव काढलं नाही.

सकाळी, ऊन चढायच्या आत.
ब्रश नाही, जुन्या लुगड्याचा बोळा.
फळीची टोकं आधी, तीनदा,
तीच जास्त पितात,
उधईलाही तीच ठाऊक.
मग रेषेरेषेनं, लाकूड जिकडं वाढलं तिकडं.
अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पूस:
मुरलं ते लाकडाचं,
वर राहिलं ते पायांना चिकटायचं.

पाचव्या फळीला साग उघडा पडला,
गाठीभोवती वळलेला, जणू आताच कापलाय.
आम्ही दोघी थोडा वेळ बोललो नाही.

संध्याकाळी तेलकट चिंध्यांचा गोळा
गोठ्याच्या कोपऱ्यात टाकला, पेंढीजवळ,
आणि जेवायला बसलो.

"धूर काहून येऊन राहिला?"
दुर्पताबाईची हाक.
काडी कोणी ओढली नव्हती, चूल लांब.
लाकडानं गोळा उसकटला,
पोटात तांबडा डोळा.
तेल वाळता वाळता तापतं,
दाटीवाटीत ठेवलं तर आपणच पेटतं.
दोन बादल्या पाणी. गाय मान वळवून बघत होती.

रात्री झोप नाही.
बाबा रोज काम संपल्यावर चिंध्या झटकून
कुंपणावर एकेक पसरायचे.
मी समजत होते, कंजूष आहेत,
उद्या पुन्हा वापरणार.
त्यांनीही कधी सांगितलं नाही.
मीही कधी विचारलं नाही.

दुसरा हात तिसऱ्या दिवशी, पातळ.
चौथ्या पहाटे पहिलं फूल पडलं,
नेमकं ओल्या फळीवर, आणि चिकटलं.
नखानं काढलं तर खाली
फिकट गोल डाग. राहू दिला.
कार्डावर त्या रंगाला नाव नसणार.

आता बांबूच्या कुंपणावर सात चिंध्या वाळताहेत,
एकमेकींना न शिवता.
ईस्तारीकाका सायकल थांबवून विचारतात,
"हे कोणाचे झेंडे वो?"

सुताराचे, म्हटलं.