बांगड्याची चार पाकिटं

इथं नोटा चालत नाहीत. चालतो बांगडा,
तेलातला, पाकीटबंद, तुरुंगाच्या दुकानातून घेतलेला.
पत्राला एक पाकीट, अर्जाला दोन,
अपिलाला चार.
वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरावर
लायब्ररीतला टाइपरायटर
अकरा वर्षं माझ्या बोटांखाली आहे.

एमिट कॉम्ब्स आला. पाकिटं आधी ठेवली,
मग दाराकडे पाहिलं, मग बसला.
म्हणाला, दोनशे चाळीस महिने होते.
म्हणाला, बावन्न कमी केले.
कशाबद्दल, मी विचारलं.
तो नखांतला रंग काढत राहिला.

कशाबद्दल ते कागदावर यावंच लागतं,
त्याशिवाय अपील उभं राहत नाही.
मी टाइप केलं: अर्जदाराने सरकारला
सहकार्य केले.
इस्त्री केलेला शब्द.
बराकीत याला फितुरी म्हणतात,
आणि फितुराला जेवणाच्या टेबलावर जागा नसते,
झोपताना पाठीला भिंत पुरत नाही.

त्यानं सांगितलं ते असं:
मामेभाऊ डॉर्सी. गोळ्या डेटनहून यायच्या,
मामाच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्याखाली पुरलेल्या असायच्या.
साक्ष दोन दिवस चालली.
मामी पहिल्या बाकावर,
चर्चला घालते ती निळी टोपी घालून.
"लहानपणी तिनं माझ्या उवा काढल्यात," तो म्हणाला,
"हे पण लिही."
कुठं लिहू? त्याला रकाना नाही.

सरकारी वकील हळूच म्हणाला होता, निम्मी तरी जाईल.
हळू बोललेलं दप्तरात उमटत नसतं.
डॉर्सीला तीस वर्षं. त्यातले बावन्न महिने
म्हणजे नेमके किती,
हे एमिटनं रिकाम्या पाकिटावर मांडून पाहिलं
आणि खोडलं.

कायदा मला पाठ आहे.
किती कापायचं ही जज्जाची मर्जी,
वरचं कोर्ट त्या कापाला बोट लावत नाही.
फेटाळणार, तीन ओळींत,
बहुधा मार्चच्या आत.
हे मी त्याला सांगितलं,
पण शेवटचं पान निघाल्यावर.
तो म्हणाला, ठाऊक आहे.
म्हणाला, एकदा कुणाला तरी पुरतं सांगायचं होतं,
आणि तू मजुरी घेतोस,
म्हणजे बोलणार नाहीस.

तो गेल्यावर मी रिबन उघडली.
ही एकदाच चालते, अक्षरं तिच्यात तशीच राहतात,
उजेडाला धरली की कुणीही वाचावीत:
त्याचं नाव, डॉर्सीचं नाव,
मधे जागाच नाही.
हात हात लांब तुकडे केले, संडासात सोडले,
तीनदा बटण दाबलं.

तीन पाकिटं मी खाल्ली.
चौथं गादीखाली होतं.
काल झडतीत गार्डनं ते उलटं करून पाहिलं,
तारीख गेलीय म्हणाला,
आणि परत जागेवर ठेवलं.