भरून ठेवलेलं

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
नेटला वेग रात्री बारानंतर.
आईला फरक सांगायला गेले,
हे नुसतं चालू असताना बघणं
आणि हे उतरवून घेणं,
तर म्हणाली, कळलं की.
एक नळाला तोंड लावून पिणं
अन् एक पिंपात भरणं.
मग भर की गं. बघत काय बसलीस?

कॉम्प्युटर सिद्रामकाकाच्या बंद पडलेल्या कॅफेतला,
अडीच हजाराला, पंख्याच्या घरघरीसकट.
एलचं बटण उडालेलं.
त्या खळग्यात काडेपेटीतली काडी टेकवून दाबते.
कॉलर लिहायला
एल दोनदा लागतो.

मला कॉलरच हवी होती.
गणवेशाच्या कारखान्यात नव्या पोरीला
काज-बटणावर बसवतात, दोरे कापायला बसवतात.
कॉलर आली की मग कारागीर,
मग मशीन स्वतःची, खिडकीजवळची.

शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही,
फक्त हात.
उजव्या अंगठ्याचं नख काळं,
कधीतरी सुईखाली आलं असणार.
हिंदी बोलतो, पण मोजताना
स्वतःच्या भाषेत मोजतो,
कुठली ते आम्हाला ओळखू आलं नाही.
मागे एक कोंबडा, भर उन्हात आरवणारा.

चालू असताना बघायला गेलं
की हात कापडावर येऊन थांबायचे
आणि मध्ये ते गोल चक्र.
आई मांडीवर सूप घेऊन शेजारी.
एका चक्रात चार विड्या, म्हणायची,
चांगलंय, कुणीतरी माझ्यासाठी थांबतंय.

पहिल्या रात्री एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
"कलंडलं पिंप," अंधारातून आई.
पुढे काही बोलली नाही,
पानाची करकर चालूच राहिली,
तिच्या बोटांना दिवा लागत नाही.
दुसऱ्या रात्री राउटर तापला.
तिसऱ्या रात्री मी झोपले आणि तीच जागली,
पहाटे हलवून म्हणाली,
भरलं बघ. शंभरावर आलं. आता सांडतंय का ते बघ.

मग तो हातांचा माणूस आमच्या घरीच राहायला आला.
अर्ध्या वेगाने, मागे, पुन्हा मागे.
सगळं जमायचं, टोक जमायचं नाही.
उलटवून बाहेर काढलं की माझं टोक
चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखं.
तो म्हणतो, अब कोना निकालो,
आणि तेवढ्यात त्याचा पंजाच आडवा येतो.
चौदा सेकंद. किती वेळा बघितले
त्याचा हिशेब नाही.

एका रविवारी आई पाणी प्यायला उठली,
तांब्या हातातच,
पडद्यापाशी वाकली.
दोरा, म्हणाली.
कुठंय?
आत ठेवलाय त्यानं, शिवायच्या आधीच, टोकात.
आता दोऱ्याला धरून ओढतोय.
बत्तीस वर्षं विडीला दोरा बांधतेय मी,
मला दोरा दिसणार नाही होय?

थांबवलं. पडदा पुसला.
पांढऱ्या कापडावर पांढरा धागा,
केसाएवढा.

त्या रात्री दोन टोकं निघाली, सुईसारखी.
आईने बोट टेकवून बघितलं,
टोचतंय, म्हणाली, आणि हसली.

आता खिडकीजवळ बसते मी.
तीन गल्ल्यांतल्या मुली पेनड्राइव्ह घेऊन येतात,
कळशी घेऊन यावं तशा,
दारातच विचारतात, आहे का?
अंजम्माची सून तर दोन आणते.

श्रावणात पुढचा धडा शोधायला गेले.
राखाडी चौकट:
हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही.
तोही नाही, त्याच्या आधीचाही नाही, सगळं पानच कोरडं.
त्याचं नाव मी वाचून ठेवलं नव्हतं.
कुठे गेला, काय झालं,
नखाला पुन्हा काही लागलं का,
विचारायचं कुणाला.

कफ उद्या भरू म्हटलं होतं.

आमच्याकडे सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर
त्याचा कोंबडा अजून आरवतो,
आई सवयीने म्हणते, गप रे.
माझ्या कॉलरला कारखान्यात कुणी बोट लावत नाही.
कफ अजून
अंदाजाने शिवते.