मंगळवारचं घड्याळ

दहा घरांत एकच घड्याळ.
निळ्या कडेचं, मधोमध प्लास्टिकचा मोर.
कुणी मागितलं नव्हतं.
कर्जासोबत आलं, कर्जातच धरलं,
सातशे ऐंशी रुपये, सेल वेगळा.

गटाची वही मी लिहिते.
आठवी शिकलेली मी एकटीच,
म्हणून पहिली सही माझी
आणि बाकीचे नऊ अंगठे धरून
शाईत मीच बुडवले.
हे आधी सांगून टाकते.

फॉर्मवर तीस हजार.
हातात सव्वीस हजार आठशे चाळीस.
मधले कुठं गेले?
निकेश म्हणाला, प्रोसेसिंग, विमा...
मावशी, तुम्हाला नाही कळणार.
नाहीच कळलं.
पण वजाबाकी येते मला.

कौतिका मामा तलावाचे झिंगे विकायची.
तलाव आटला, दोन हप्ते चुकले,
त्यात सासू गेली.
तिसऱ्या दिवशी, मंगळवार होता,
निकेश अंगणात खुर्ची टाकून बसला.
एकीचं थकलं तर नऊजणींनी भरायचं, एवढंच बोलला.
मग तो मोबाईल बघत राहिला
आणि आम्ही बोललो.
काय काय बोललो.
गिरजाबाईनं चुलीजवळचा गंज उचलला,
"हा धर वसुलीत."
मी वहीत लिहिलं: गंज, एक.

त्या रात्री मोराखालचा काटा
टक टक करत डोक्यात शिरला.
उठून वही उघडली.
शेकडा बारा सांगितलं होतं,
पण फेडलेल्या पैशावरही व्याज चालूच.
मेलेल्या म्हशीची चराई
भरत होतो आम्ही, वर्षभर.

पुढच्या मंगळवारी सतरंजीवर
पैशांच्या जागी दहा घड्याळं मांडली.
दहांत दहा वेगळ्या वेळा.
"कागद मराठीत आन बाबू. मंग हप्ता."
निकेशनं ऑफिसला फोन लावला, बाहेर जाऊन.
परत आला तेव्हा चहा अर्धाच प्याला.
"माझंही टार्गेट असते मावशी," म्हणाला.
नागभीडचं पोरगं, मिशी नुकती फुटलेली.
कुणी उत्तर दिलं नाही.

कागद आला तीन आठवड्यांनी.
अकरा पानं, अक्षरं मुंगीएवढी.
रोज जेवणं झाल्यावर
समाजमंदिराच्या लाइटाखाली मी मोठ्यानं वाचते.
अडलं की थांबते, पुन्हा वाचते.
गिरजाबाई म्हणते, "हळू, बाई, हळू."

गंज परत केला, घासून.
कौतिकानं तो दारातच ठेवला,
आत नेला नाही अजून.

चौथ्या पानावर आहोत.
ती येते, ऐकते.
माझ्या शेजारी बसत नाही.