हाताचे सहा ग्रॅम

रात्री निघताना पडद्यावर एक ठोकळा ठेवून गेले होते.
त्याला सगळं बजावून:
हे चार स्क्रू जागचे हलता कामा नयेत.
इथून अँटेना लटकेल.
इकडून रॉकेटचा हादरा, तिकडून, खालूनही.
मग दर दीड तासाला ऊन आणि सावली,
ऊन जळगावच्या मे महिन्याला लाजवील असं,
आणि सावली अशी की आपल्याकडे तिला शब्दच नाही.
बाकी जे नको असेल ते टाकून दे, म्हटलं.

सकाळी ठोकळा नव्हता.
जिथून जोर वाहत नव्हता तिथलं सगळं गेलेलं.
उरल्या चार-पाच फांद्या, एकमेकींत वळलेल्या,
कुठं जाड, कुठं बारीक, सरळ रेघ म्हणून नाही;
पूर ओसरल्यावर तापीच्या गाळात
पाण्याचा रस्ता उरतो, तशा.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये छपाई लावली.
शेजारी चटईचा कारखाना खडखडत होता.
पेटीत आर्गॉन, आणि मैद्याहून बारीक अॅल्युमिनियमची भुकटी.
अर्ध्या केसाएवढा थर,
त्यावरून चालत गेलेली एक ठिणगी.
पुन्हा थर. पुन्हा ठिणगी.
एकोणीस तास.

हिलाल मिस्तरी दोनदा काचेतून डोकावून गेले.
चाळीस वर्षं लेथवर.
त्यांचा सगळा जन्म काढण्यात गेला:
जास्तीचा धातू काढायचा, कुरळा कीस पायाशी साचायचा,
शनिवारी भंगारवाला तो किलोनं न्यायचा.
इथं कीस नाही म्हटल्यावर
त्यांना जरा चुकल्यासारखं झालं असावं.

त्यांनीच आधाराच्या काड्या कापल्या, कानस मारली,
सराफाकडून मागून आणलेल्या काट्यावर ठेवला.
अठ्ठावन्न ग्रॅम.
जुना, गिरमिटलेला, दोनशे बाराचा होता.
“हाई काय शे माय? कोंबडीनं हाडूक?”

दुपारी केळीच्या पानावर भरीत.
हात धुऊन आले आणि पानाचा देठ चाकूनं आडवा कापला,
माझ्या नाकासमोर धरला.
आत कप्पे, कप्प्यांत हवा,
मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या भिंती.
“हेनी कोनता कंप्युटर वापरा?”
मी काही बोलले नाही. देठ मात्र टेबलावर ठेवून घेतला.
संध्याकाळपर्यंत तो काळा पडला.

हादऱ्याच्या टेबलापर्यंत तुकडा गेलाच नाही.
अन्वर पिंजारी स्क्रू आवळत होता,
शेवटचा पाव फेरा,
आणि टक्.
एवढंसंच. बोटं मोडावीत तसं.
अन्वरनं पाना खाली ठेवला
आणि उजवा हात पाठीमागे नेला,
जणू तोच चोर.

मिस्तरींनी चष्मा कपाळावर चढवून चीर पाहिली.
“पाना कोन फिरावस, सांगं का तू तेले?”

नव्हतं सांगितलं.
रॉकेट सांगितलं, सूर्य सांगितला, पोकळी सांगितली.
आवळणारा हात राहून गेला.
आणि जे सांगितलं नाही
ते त्याच्या लेखी जगात नाही,
त्यासाठी तो एक कणही राखत नाही.

त्या रात्री नवीन ठोकळा.
या वेळी बाकी सगळ्या भारांच्या आधी
अन्वरचा पाव फेरा.
सकाळी तीच फांद्यांची गुंतवळ,
फक्त स्क्रूच्या मुळाशी
गुडघ्याच्या वाटीसारखं काहीतरी भरून आलेलं.
चौसष्ट.

वर गेल्यावर या सहा ग्रॅमांना काम नाही.
तिथं पाना घेऊन कोणी येणार नाही.
तरी ते फिरतील,
दिवसाला सोळा वेळा उन्हातून सावलीत,
शेडमधल्या एका घामेजल्या पंजाची जागा धरून.

अन्वर म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना ताई.
मिस्तरींनी पाना त्याच्याच हातात दिला.
तेवढ्यात लाइट गेली,
चटईवाल्यांची यंत्रं एकदम गप्प.
मोबाइलच्या उजेडात त्यानं फिरवला,
एक, अर्धा,
पाव.

आम्ही तिघं कान देऊन उभे.
काहीच वाजलं नाही.